शब्द परत घ्यायला आठजण

पोळ्याच्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या मानेवर जू ठेवलं. गंमत म्हणून नाही, शिक्षा म्हणून. अख्ख्या गावासमोर, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली.

जुवाची एक बाजू मालगुजाराच्या पांढऱ्या बैलाच्या खांद्यावर, दुसरी सुखरामच्या. बैल उंच, माझा नवरा बुटका. जू तिरपं झालं, बैल बिथरला आणि सुखराम चिखलात गुडघ्यांवर आला. दोन गड्यांनी केसांना धरून त्याला उभं केलं. मालगुजाराच्या थोरल्या मुलाच्या हातात तुतारी होती. बैल हाकायची काठी, टोकाला खिळा. त्याने ती सुखरामच्या मांडीत रोवली. धोतरावर रक्त आलं.

"चाल बे बैला!"

लोक हसले. सगळे नाही हसले. पण जे हसले ते मोठ्याने हसले.

मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, कायद्याने कधीच गेली होती. आमच्या गावातून गेली नव्हती. त्या घराच्या धन्याला अजून सगळे मालगुजारच म्हणत आणि समोर उभं राहिलं की मालक. सुखराम त्या घरचा सालगडी. लग्न होऊन मी पवनीकडच्या या गावात आले त्याच्या आधीपासून तो त्यांची जोडी हाकत होता. त्या बैलांना काय दुखतं, कोणता चारा सोसत नाही, हे मालकाला ठाऊक नव्हतं, सुखरामला होतं.

आणीबाणीच्या आधी आमच्या मोहल्ल्यातल्या पाच घरांनी बाप्तिस्मा घेतला. अकरा माणसं. पाळकसाहेब सायकलवर यायचे, महिन्यातून एकदा. मालगुजाराने सुरुवातीला ते हसण्यावारी नेलं. पोळ्याला सुखराम नेहमीसारखा बैल धुवायचा, शिंगं रंगवायचा, झूल चढवायचा, जोडी तोरणाखाली न्यायचा. फक्त पूजेच्या वेळी हात जोडायचा नाही. दोरी धरून बाजूला उभा राहायचा. कोणाला दिसायचंही नाही.

त्या वर्षी दिसलं. मालगुजाराकडे नागपूरचे सोयरे आले होते. त्यातला एक जण पान चघळत म्हणाला, "तुमचाच गडी तुमच्या बैलाले हात जोडत नाही का जी?" बस. एवढंच. मालगुजाराचं नाक कापलं गेलं.

"माया बैलापुढं हात जोडाची लाज वाटते नं तुले?" तो म्हणाला. "मंग तू बैलच हो."

तोरणाखालून त्याला तीन वेळा नेलं. झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, म्हणणाऱ्याने तिथल्या तिथे त्याच्यावर झडती रचली, गोऱ्या देवाचा नवा बैल आला, चारा टाका त्याले. कोणीतरी खरंच गवताची पेंढी आणून त्याच्या तोंडात कोंबली. तिसऱ्या फेरीला तो पडला तो उठलाच नाही. मालगुजार खुर्चीवरून उठला आणि त्याच्या मानेवर पायताण ठेवलं.

"कोनाचा बैल हायेस तू?"

"तुमचा, मालक."

"अना तुया येशू?"

सुखराम गप्प. तुतारी पुन्हा मांडीत गेली. त्याच जागी.

"येशू कोन तुया?"

"कोनी नाही. मी त्याले वळखत नाही, मालक."

हे मी ऐकलं. बायकांच्या घोळक्यात मी मागे उभी होते. सुखरामने मान वर करून गर्दीकडे पाहिलं. मी पदर तोंडावर ओढून घेतला. माझ्याच नवऱ्याला गुरासारखं हाकत होते आणि मला लाज वाटली ती हाकणाऱ्यांची नाही. त्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत निघाली. गावातली इडापिडा, रोगराई हाका मारून वेशीबाहेर घालवायची रीत. पोट्टे आमच्या दारासमोर थांबले आणि ओरडले, "येशूले घेऊन जाय गे मारबत!" सुखराम आत भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी चुलीपुढे बसले होते.

गावाने केलं ते केलं. पुढचं आमच्या माणसांनी केलं. ते मला जास्त लागलं, म्हणून ते सांगते.

आमची उपासना भासऱ्यांच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत व्हायची. भासरे म्हणजे सुखरामचे थोरले चुलतभाऊ. मंडळीत लिहिता-वाचता येणारे तेवढे एकच, म्हणून पाळकसाहेबांनी त्यांना पुढारी नेमलं होतं. आम्ही गीत म्हणायचो, मग सगळे एकमेकांना हात देऊन सलाम करायचे. बाप्तिस्मा झाल्यापासून मला सगळ्यात आवडायची ती ही गोष्ट. आयुष्यभर लोकांनी आमच्या हाताचं पाणी घेतलं नाही, आणि इथे माणसं हात हातात घेत होती.

पोळ्यानंतरच्या रविवारी सुखराम लंगडत सपरीत आला. म्हणाला, "सलाम भाऊ." भासऱ्यांनी हात मागे घेतला. आमच्याच मंडळीतला काशिनाथ त्यांच्या बाजूला बसला होता. तो बोटांनी चटईची काडी उकरू लागला. सुखरामचा हात तसाच पुढे राहिला, मग खाली आला.

भासऱ्यांनी निवाडा सांगितला. चारचौघांत प्रभूला नाकारलं. सहा महिने प्रभुभोजन नाही. सपरीत बसायचं नाही, बाहेर बसायचं.

बाहेर म्हणजे कुठे? छपराचं पाणी गळतं तिथे. जिथे आम्ही वहाणा काढायचो. सुखराम वहाणांजवळ बसला. भादव्याचा पाऊस लागला होता. पोळीचा तुकडा आणि भिजवलेल्या मनुकांच्या पाण्याचा प्याला त्याच्या डोक्यावरून पलीकडे गेला. मी माझा तुकडा घेतला आणि खाल्ला. होय, खाल्ला. लपवून काय करू?

आणि तोंड उघडलं नाही ते फक्त सपरीत. घरी उघडलं. त्याच्यापुढे ताट ठेवायचे नाही, सरकवायचे. सालाचं काम तो करतच होता, पोट कुठे टाकणार? कामावरून आला की मी म्हणायचे, "आला मालकाचा बैल." एकदा त्याने मला मारलं. कानाखाली, जोरात. मी पळीने त्याच्या खांद्यावर हाणलं. दोघंही दमलो आणि बसलो. शेजारच्या कास्तकाराची म्हातारी दारात येऊन म्हणाली, "काहून मरून राहिले वो एकमेकाले मारून? मारनारे का गावात कमी हायेत?"

त्याने प्रार्थना सोडली. जेवायच्या आधी डोळे मिटणं सोडलं. पाळकसाहेब आले की बोडीवर निघून जायचा. बोडी म्हणजे आमच्या धानाला पाणी देणारं लहान तळं. तिच्या पाळीवर तासन्‌तास बसायचा. पाळकसाहेबांनी भासऱ्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "त्याचा विश्वासच कच्चा होता." हे वाक्य मोहल्ल्यात सगळ्यांना आवडलं. सोयीचं होतं. कच्चा तो. पक्के आम्ही, दारं लावून घरात बसलेले.

धान कापणीला आला त्या दिवसांतली गोष्ट. सकाळी मी धुणं घेऊन बोडीवर गेले. सुखराम पाळीच्या उतारावर बसलेला होता. त्याच्या हातात दगड होता. मी पाहिलं तेव्हा त्याने तो दगड स्वतःच्या तोंडावर मारला. मग पुन्हा मारला. मी धुणं टाकून धावले. वरचे दोन दात तुटले होते, एक ओठात रुतला होता. रक्त हनुवटीवरून छातीवर वाहत होतं. मी दगड ओढला, तो सोडेना. मी त्याच्या मनगटाला चावले तेव्हा सुटला.

"याच तोंडानं म्हनलो ना," तो म्हणाला. "याच तोंडानं."

मी पदर भिजवून त्याचं तोंड पुसू लागले. त्याने माझा हात धरला.

"त्या दिशी मी मागं पायलो. आपलं एक तरी मानूस दिसल म्हनून. कोनीच नोयतं. फक्त तू दिसली." त्याला बोलता येत नव्हतं, थुंकीबरोबर रक्त येत होतं. "अना तू पदर घेतला."

अजूनही हे सांगताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्याच्यावर नाही. माझ्यावर. त्या सपरीतल्या दहा पक्क्या माणसांवर. त्या जुवाखाली त्याच्या शेजारी कोण होतं? बैल. बैलसुद्धा बिथरला होता. अकरा जणांचा विश्वास आम्ही एका माणसाच्या मानेवर ठेवला आणि मान मोडली तेव्हा त्यालाच विचारलं, का मोडलास? कच्चा तो नव्हता. तो एकटा होता.

त्या रविवारी मी ठरवून गेले. सुखरामला हाताला धरून नेलं. तोंड सुजलेलं, ओठाला हळद. तो सवयीने वहाणांजवळ बसला. मीही वहाणांजवळ बसले. जाऊ, म्हणजे भासऱ्यांची बायको, हळूच म्हणाली, "तू आत ये नं वो." मी हलले नाही. भासऱ्यांनी पोळीचं ताट माझ्यापुढे केलं. मी म्हटलं, "त्याले नाही तं मले नोको."

आमच्यात सून भासऱ्यांशी बोलत नाही. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. मी बोलले आणि डोकं उघडं ठेवून बोलले.

"बायकोमानसानं मंडळीत बोलू नाही," भासरे भिंतीकडे पाहून म्हणाले.

"मानसं कोठी होती पोळ्याच्या दिशी?" मी विचारलं. "पाच घरं. पाचही दारं बंद. काहून?"

"ज्याचा क्रूस त्यानं उचलावा, सूनबाई. तसं लिहिलं हाये."

इथे माझा तोल गेला. मी निरक्षर बाई. पण माझे कान निरक्षर नव्हते. "तुमीच वाचून दाखवलं होतं," मी ओरडले, "येशू पडला तवा त्याचा क्रूस दुसऱ्यानं उचलला. शेतावरून येत होता तो मानूस. अन्नाची शिदोरीबी खाली ठेवली नसल त्यानं. खुद्द देवाच्या पोराले एकट्यानं नाही जमलं, अना माया नवऱ्याले जमाले पायजे होतं?"

काशिनाथ म्हणाला, "तुले का करायचं हाये ते सांग ना."

मी सांगितलं. सुखराम शब्द परत घेणार. जिथे बोलला तिथे, ज्याच्यापुढे बोलला त्याच्यापुढे. आणि या वेळी तो एकटा जाणार नाही.

"मारून टाकतीन," काशिनाथ म्हणाला.

"मारतीन," मी म्हटलं.

मग जाऊ उठली. साधी बाई, कधी मान वर करून न बोललेली. वहाणांपाशी आली, सुखरामच्या शेजारी बसली आणि नवऱ्याकडे न पाहता म्हणाली, "मी येतो." भासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ताट खाली ठेवलं. मग ते बाहेर आले आणि सुखरामपुढे हात केला. "सलाम, सुखराम." सुखरामला तो हात घ्यायला वेळ लागला. घेतला, पण चटकन नाही घेतला. मला ते बरं वाटलं. दोन महिने त्याने वाट पाहिली होती, आता भासऱ्यांनी थोडी पाहावी.

आठजण तयार झाले. काशिनाथ आणि त्याच्या घरचे दोघं घरी राहिले.

मालगुजाराच्या खळ्यावर चुरणा चालू होता. बैल गोल फिरत होते, पायांखाली धान सुटत होतं, वीस-पंचवीस मजूर कामावर. दुपारची वेळ. मालगुजार खाटेवर बसला होता. आम्ही आठजण ओळीने आत गेलो. गाण्यासाठी आलो की भीक मागायला, त्याला कळेना.

सुखराम पुढे झाला. त्याचा एक हात मी धरला होता, दुसरा भासऱ्यांनी. हात धरून ठेवले नसते तर तो पडला असता. तो म्हणाला, "मालक, पोळ्याच्या दिशी बोललो ते मी वापस घेतो. ते मी नोयतो बोललो, तुमची तुतारी बोलली. मी येशूचा हावो." दात नसल्यामुळे शब्द फुटके येत होते. तरी खळ्यावर सगळ्यांना कळलं. बैल हाकणारा थांबला.

मालगुजार आधी हसला. मग थोरल्या मुलाकडे पाहिलं.

काठ्या तिथेच होत्या. पहिली सुखरामच्या पाठीत बसली. दुसरी माझ्या डाव्या मनगटावर, कारण मी त्याचा हात सोडला नव्हता. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. तरी हात सोडला नाही, बोटांनीच सोडला, मी नाही. जावेच्या झिंज्या धरून तिला धानावर फरफटत नेलं. भासरे, ज्यांनी कधी मुंगीला पाय लावला नसेल, ते सुखरामच्या अंगावर आडवे पडले आणि त्याच्या वाटचे रट्टे घेऊ लागले. त्यांच्या कानातून रक्त आलं. त्या कानाने पुढे त्यांना कधी ऐकू आलं नाही.

"म्हन, येशू कोन तुमचा?" थोरला ओरडत होता. "म्हन बे!"

एक जण दमला, ओठ हलेनासे झाले, की दुसरा म्हणायचा. "आमचा प्रभू." काठी त्याच्याकडे वळली की तिसरा. "आमचा प्रभू." मला ठाऊक आहे, मी एकटी असते तर चौथ्या काठीला काहीही म्हटलं असतं. शेणाचा पो दाखवून देव म्हण म्हणाले असते तरी म्हटलं असतं. मी काही वाघीण नाही. पण माझी चौथी काठी जावेने खाल्ली आणि तिची मी.

मारणारे दमले. खरंच दमले. एका माणसाला गुडघ्यावर आणायला किती मार लागतो ते त्यांना माहीत होतं. आठांचा हिशेब त्यांना ठाऊक नव्हता. मालगुजार म्हणाला, "फेका याहिले बाहीर." आम्हाला बांधाबाहेर फेकलं. वाटेवर कास्तकाराची तीच म्हातारी लोटा घेऊन उभी होती. "तुमचा देव तुमाले," ती म्हणाली, "पर पानी तं पेवा." तिने लोटा स्वतः आमच्या तोंडाला लावला. गावाच्या समोर. तिच्या घरी त्यावरून नंतर बोंबाबोंब झाली.

ठाण्यात गेलो. जमादाराने लिहून घेतलं, दोन्हीकडून मारामारी. आमच्याकडून मारामारी! मी मोडलेला हात त्याच्या टेबलावर ठेवला. तो म्हणाला, टेबलावरून हात काढ.

सुखरामचं काम गेलं. आमच्या बायांना गावात कोणी धान कापायला बोलावेना. आसगावच्या बाजूला पाच-सहा कोस चालत जाऊन आम्ही मजुरी केली. एका घरी तांदूळ असला की पाच घरी शिजायचा. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. भांडणंही झाली. जाऊ एकदा म्हणाली, "तुया नवऱ्यापायी माया नवरा बहिरा झाला." बरोबर बोलली. मी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरचं पाणी भरलं.

काशिनाथ पुढच्याच रविवारी सपरीत आला. मान खाली घालून वहाणांजवळ बसला. कोणी सांगितलं नव्हतं, आपणहून. माझ्या तोंडावर आलं होतं, बस तिथेच, सहा महिने बस. जीभ चावली. सुखराम उठला आणि त्याला बखोटीला धरून आत घेऊन आला. म्हणाला, "तथी पानी गळते."

त्या दिवशी आम्ही ठरवलं. कागदावर नाही, तोंडी. एकाला बोलावलं की सगळ्यांनी जायचं. जो मोडेल त्याला बाहेर बसवायचं नाही, त्याच्याबरोबर जाऊन त्याचा शब्द परत आणायचा. पुन्हा मोडला तर पुन्हा जायचं. मार खायचाच असेल तर वाटून खायचा. पाळकसाहेबांनी विचारलं, हे कोणत्या पुस्तकात आहे? मी म्हटलं, तुम्ही वाचता त्याच पुस्तकात असेल, नीट पाहा.

माघात मालगुजाराचा गडी मोहल्ल्यात आला. मी अंगणात एका हाताने सुपातले तांदूळ निवडत होते, दुसरा गळ्यात बांधलेला. काशिनाथच्या दारासमोर उभा राहून तो ओरडला, "काशिनाथ! मालकानं बोलावलं. एकटा ये म्हनते."

काशिनाथ दारात आला. तोंड पांढरं पडलेलं. त्याने आमच्या घराकडे पाहिलं, आणि लगेच नजर खाली घातली. कोणत्या तोंडाने पाहणार होता? माझं हाड मोडलं तेव्हा तो घरी होता. मला त्याचा राग होता. आजही आहे, तो वारला तरी आहे.

मी सूप खाली ठेवलं. सुखरामला हाक मारली. मग बाकीच्या दारांवर थाप मारत भासऱ्यांच्या दारावर गेले. त्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून जवळ जाऊन, चांगल्या कानात, ओरडून सांगितलं, "काशिनाथले बोलावलं. चला."

मालकाचा गडी म्हणाला, "तुमाले नाही बोलावलं."

"मालूम हाये," मी म्हटलं, आणि आम्ही अकराही जण निघालो.